वावडे, शाळा आणि पहिली पंधरा मिनिटे

‘वावडे’ हा शब्द आपल्या घराघरांत रोज वापरला जातो. कोणाला वांग्याचे वावडे असते, कोणाला अंड्याचे, कोणाला दुधाचे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो, की तो पदार्थ खाल्ला म्हणजे पोट बिघडते किंवा अंगाला खाज सुटते. कित्येकदा तर वावडे म्हणजे नुसती नावड असते. शब्दाच्या या सैल वापरामुळे एक अनर्थ होतो. ज्या थोड्या मुलांच्या बाबतीत वावडे खरोखर जिवावर बेतणारे असते, त्यांचे सांगणेही मोठी माणसे कानाआड करतात. ‘नखरे करतो’, ‘ताटात टाकायची सवय लागली आहे’ असा शेरा मारून विषय संपविला जातो. ही थोडी मुले आणि त्यांना सांभाळणारी शाळा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

निवासी शाळेला हा विषय अधिक जवळचा आहे. दिवसाच्या शाळेतील मूल संध्याकाळी आईजवळ परत जाते. निवासी शाळेत सकाळच्या दुधापासून रात्रीच्या भाकरीपर्यंत प्रत्येक घास शाळेच्या स्वयंपाकघरातून येतो. ताप आला तर दवाखान्यात शाळाच नेते, सहलही शाळाच काढते, आणि रात्री दोन वाजता मूल गुदमरून उठले तर त्याच्याजवळ शेजारच्या खाटेवरचा मित्र आणि अधीक्षक यांच्याशिवाय कोणी नसते. शिक्षणासाठी गाव सोडून आलेल्या मुलांना छप्पर व अन्न देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह उघडले. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय चालविले. त्या काळी प्रश्न पोटभर अन्नाचा आणि सन्मानाने शिकण्याचा होता. त्या पायावर उभ्या असलेल्या आजच्या शाळांनी आता त्यापुढील जबाबदाऱ्यांचाही विचार केला पाहिजे. तीव्र अ‍ॅलर्जीची पूर्वतयारी ही त्यांपैकी एक आहे.

शरीरात काय घडते?

आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी एक संरक्षक यंत्रणा असते. काही व्यक्तींमध्ये ही यंत्रणा निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजते. शेंगदाण्यातील प्रथिन, मधमाशीच्या डंखातील द्रव किंवा पेनिसिलिनसारखे औषध शरीरात प्रथम जाते, तेव्हा वरवर काहीच घडत नाही. परंतु आत ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार होतात आणि त्वचा, श्वासमार्ग, आतडी यांतील मास्ट पेशींना चिकटून बसतात. पुढे तोच पदार्थ पुन्हा आत आला की या पेशी हिस्टामिन व तत्सम रसायने एकदम बाहेर टाकतात. रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतील द्रव बाहेर झिरपतो, श्वासनलिका आवळल्या जातात, घसा सुजतो आणि रक्तदाब कोसळतो. ही प्रतिक्रिया एका जागी न थांबता सर्व शरीरभर पसरते, तेव्हा तिला ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ म्हणतात.

हा शब्द १९०२ मध्ये रूढ झाला. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ एका सागरी प्राण्याच्या विषाचे प्रयोग कुत्र्यांवर करीत होते. विषाची थोडी मात्रा आधी दिल्यास प्राण्याला संरक्षण मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. घडले उलटेच. पहिली मात्रा पचवून धडधाकट राहिलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी अल्प मात्रेने थोड्याच मिनिटांत मरण पावला. या शोधाबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शाळेच्या दृष्टीने या प्रयोगातून दोन गोष्टी समजतात. ‘मागच्या वेळी तर काही झाले नव्हते’ हा दिलासा पुरेसा नाही. आणि ‘एवढ्याशा कणाने काय होते’ हा प्रश्नही योग्य नाही, कारण येथे धोका मात्रेपेक्षा शरीराच्या प्रतिसादावर अवलंबून असतो.

आपल्या भागातील कारणे

पाश्चात्त्य देशांत शाळेतील अ‍ॅलर्जी म्हटले की शेंगदाणा आठवतो. आपल्याकडे अन्नाची तीव्र अ‍ॅलर्जी त्या मानाने पुष्कळ कमी आढळते. पण ती मुळीच नाही असे नव्हे. वऱ्हाडातील आहार पाहिला तर शेंगदाण्याची चटणी, भाजीत घातलेले कूट, तीळ, जवस, बेसनाचे पिठले, सोयाबीनच्या वड्या, दूध आणि अंडी हे सर्व पदार्थ वसतिगृहाच्या ताटात येतात. आणि यांपैकी प्रत्येक पदार्थ एखाद्या मुलाला बाधू शकतो. शालेय पोषण आहारात अंडी देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ मध्ये घेतला. वाढत्या मुलांना प्रथिने मिळावीत म्हणून तो स्वागतार्हच होता. मात्र घरी कधी अंडे न खाल्लेले मूल ते प्रथम शाळेतच खाण्याची शक्यता असते, हे वाढणाऱ्याच्या ध्यानात असावे.

दुसरे कारण डंख. आग्या मधमाश्यांची पोळी आपल्याकडे उंच वृक्षांवर, पाण्याच्या टाक्यांखाली, जुन्या इमारतींच्या सज्जांना आणि किल्ल्यांच्या कड्यांना लोंबकळलेली दिसतात. गाविलगड, नरनाळा किंवा अजिंठ्याच्या लेण्यांकडे सहली जातात, तेथे दगड भिरकावणे, धूर करणे, आरडाओरडा करणे यांमुळे पोळे उठते. गांधीलमाश्या तर वर्गखोलीच्या छतातही घर करतात. एका डंखाने जागा सुजणे, दुखणे हे नेहमीचेच. परंतु डंख पायाला आणि सूज ओठांवर, असे झाले तर ती धोक्याची सूचना असते. शेकडो माश्यांनी एकदम हल्ला केल्यास अ‍ॅलर्जी नसलेल्यालाही विषबाधा होते, म्हणून अशा मुलांना रुग्णालयातच न्यावे लागते.

तिसरे कारण औषधे. पेनिसिलिन गटातील प्रतिजैविके, काही वेदनाशामके आणि इंजेक्शने यांच्यामुळे तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. ताप आलेल्या मुलाला गावातील दवाखान्यातून इंजेक्शन देऊन लगेच वसतिगृहात परत आणले जाते. त्याला अर्धा तास दवाखान्यातच बसवून ठेवावे, एवढी साधी खबरदारी कित्येकदा पाळली जात नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. विंचूदंश आणि सर्पदंश म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे, ती विषबाधा होय. महाड येथे रुग्णसेवा करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील लाल विंचवाच्या दंशाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य प्राण वाचविले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर आधीच आलेला असतो. तेथे अ‍ॅड्रेनॅलिन देणे घातक ठरते. मधमाशीच्या डंखाने आलेल्या अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये मात्र तेच औषध प्राण वाचवते. म्हणून ‘काय चावले’ हा पहिला प्रश्न असून त्याचे उत्तर लिहून ठेवणे उपयोगाचे असते. बावस्करांच्या कार्यातून आणखी एक गोष्ट दिसते. लहान गावातील साध्या साधनांनीही मृत्यू टाळता येतात. त्यासाठी नेमके निदान, योग्य औषध आणि वेळ या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

ओळखावे कसे?

बाधक पदार्थ खाल्ल्यानंतर, डंखानंतर किंवा औषध घेतल्यानंतर काही मिनिटांपासून साधारण दोन तासांच्या आत लक्षणे दिसू लागतात. ती चार ठिकाणी शोधावीत. त्वचेवर गांधी उठतात, अंग लाल होते, ओठ, पापण्या, जीभ सुजतात. श्वासमार्गात आवाज घोगरा होतो, गिळता येत नाही, खोकल्याची उबळ थांबत नाही, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. पोटात जोराची कळ येते, वारंवार उलट्या होतात. रक्ताभिसरण मंदावून चक्कर येते, अंग थंड व फिकट पडते, मूल गळून जाते, शुद्ध हरपते. लहान मुले ‘घशात काहीतरी अडकले आहे’, ‘जीभ जाड झाली’, ‘मला कसेतरी होते आहे’ अशा शब्दांत सांगतात. हे शब्द गंभीरपणे घ्यावेत.

यांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणची लक्षणे एकदम दिसली तर अ‍ॅनाफिलॅक्सिस समजून पावले उचलावीत. ज्ञात अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला त्या पदार्थाचा संपर्क घडल्यावर एकाएकी श्वास घेता येईनासा झाला किंवा ते कोसळले, तर त्वचेवर काहीही न दिसताही तसेच समजावे. अंगावर पुरळ नाही म्हणून वाट पाहणे, ही या विकारातील फार मोठी चूक मानली जाते. ज्या मुलाला दमा आहे त्याला धोका अधिक असतो.

अंगावर नुसत्या गांधी उठल्या तर आपल्याकडे ‘पित्त उठले’ म्हणतात आणि आमसुलाचे पाणी लावतात. डंखावर चुना किंवा कांदा चोळतात. लक्षणे त्वचेपुरती असतील आणि मूल हसत-बोलत असेल, तर या उपायांनी थोडा आराम वाटत असेलही. श्वास, आवाज किंवा शुद्ध यांत बदल झाला, तर मात्र अशा उपायांत घालवलेले प्रत्येक मिनिट मुलाच्या आयुष्यातून वजा होते.

वेळ किती असतो? ब्रिटनमध्ये अ‍ॅनाफिलॅक्सिसने झालेल्या मृत्यूंचा एक अभ्यास २०००मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यम कालावधी अन्नामुळे झालेल्या प्रसंगांत ३० मिनिटे, डंखामुळे झालेल्या प्रसंगांत १५ मिनिटे आणि रुग्णालयात शिरेतून दिलेल्या औषधांच्या बाबतीत अवघी ५ मिनिटे आढळला. हे आकडे आपल्या रस्त्यांशेजारी ठेवून पाहावेत. अमरावतीत इर्विन रुग्णालय आहे, अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावरील तेल्हारा किंवा दर्यापूर तालुक्यातील गाव, अथवा चिखलदऱ्याचा घाट उतरून परतवाड्याला येणारी जीप, यांना तेथे पंधरा मिनिटांत पोहोचता येत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे आणि तिने फार मोठे काम केले आहे. तरीही मेळघाटातील कित्येक ठिकाणी फोन लागण्यापासूनच अडचण असते. याचा अर्थ असा, की उपचाराची पहिली पायरी शाळेच्या आवारातच चढली गेली पाहिजे.

एकच औषध

ही पहिली पायरी म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिन. ते मांडीच्या बाहेरील बाजूस मधल्या भागात स्नायूत द्यायचे असते. ते सैल झालेल्या रक्तवाहिन्या आवळते, आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करते, हृदयाला बळ देते आणि मास्ट पेशींतून होणारा स्राव रोखते. एकाच वेळी ही चारही कामे करणारे दुसरे औषध नाही. मुलांसाठी मात्रा वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम असते. उदाहरणार्थ, ३० किलो वजनाच्या मुलाला ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेल्या कुपीतील ०.३ मिलिलिटर. सुधारणा नसल्यास साधारण पाच मिनिटांनी दुसरी मात्रा द्यावी लागते. ही आकडेमोड ऐन वेळी कोणी करू नये. प्रत्येक नोंदलेल्या मुलाची मात्रा डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली असावी.

अ‍ॅलर्जीवरील नेहमीच्या गोळ्या किंवा अंगाची खाज थांबविणारे इंजेक्शन हे अ‍ॅड्रेनॅलिनला पर्याय नाहीत. त्यांनी खाज कमी होते. बंद होत चाललेला घसा उघडत नाही, कोसळलेला रक्तदाब वर येत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचा परिणाम दिसायला तर तास लागतात.

औषधाइतकेच महत्त्व मुलाला कसे ठेवावे यास आहे. मुलाला सपाट निजवून पाय उंच करावेत. श्वास घेणे जड जात असेल तर टेकून बसू द्यावे. उलट्या होत असतील किंवा शुद्ध नसेल तर कुशीवर वळवावे. त्याला एकदम उभे करू नये आणि गाडीपर्यंत चालवत नेऊ नये. रक्तदाब पडलेला असताना उठून उभे राहिल्याने मृत्यू ओढवल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. उचलूनच न्यावे. मधमाशीचा काटा त्वचेत राहिला असेल तर नखाने किंवा पट्टीने खरवडून तत्काळ काढावा. गांधीलमाशी काटा मागे ठेवत नाही, म्हणून तो शोधण्यात वेळ घालवू नये.

आणखी एक सूचना वसतिगृहासाठी विशेष महत्त्वाची आहे. काही मुलांमध्ये पहिली लाट ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा लक्षणे उसळतात. म्हणून बरे वाटले तरी मुलाला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागते. संध्याकाळी ‘आता छान आहे’ म्हणून परत आणलेले मूल रात्री एकटे झोपू देऊ नये.

शाळेत येऊन गेलेले औषध

‘इंजेक्शन आणि शाळा’ असे म्हटले की पुष्कळांना ही कल्पना परदेशी वाटते. वास्तविक हे औषध आपल्या शाळांत येऊन गेलेले आहे. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम राबविण्यात आली. ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या सर्व मुलांना लस द्यायची होती आणि मोहिमेचा पहिला टप्पा शाळांमध्ये झाला. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शाळाही तिच्यात होत्या. वर्ग रिकामे करून प्रतीक्षा, लस आणि निरीक्षण अशा जागा आखल्या गेल्या. लस घेतलेल्या मुलाला अर्धा तास बसवून ठेवले गेले. लसीकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीव्र प्रतिक्रियेसाठी अ‍ॅड्रेनॅलिनची कुपी, योग्य सुया आणि वयानुसार मात्रेचा तक्ता असलेली पेटी अशा सत्रांत ठेवायची असते. आणि डॉक्टर येण्यापूर्वी एक मात्रा देण्याचे प्रशिक्षण आरोग्यसेविकांना दिलेले असते.

म्हणजे ज्या गोष्टी आज अवघड वाटतात, त्या सर्व आपण एकदा केल्या आहेत. शाळेत पेटी होती, प्रशिक्षित हात होते, निरीक्षणाची शिस्त होती, जवळच्या रुग्णालयाशी आधी बोलणे झालेले होते. मोहीम संपली आणि पेटीही परत गेली. लसीमुळे अशी प्रतिक्रिया येण्याची शक्यता लाखांत एखादी असते, तरी तिच्यासाठी एवढी तयारी केली गेली, आणि ते योग्यच होते. मग वर्षभर त्याच आवारात जेवणाऱ्या, औषधे घेणाऱ्या आणि झाडाखाली खेळणाऱ्या मुलांसाठी त्या तयारीचा काही भाग कायम का राहू नये?

जपानमधील धडा

परदेशांतील अनुभवही विचारात घेण्याजोगे आहेत. कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात २००६ पासून प्रत्येक शाळा मंडळाने अ‍ॅनाफिलॅक्सिसविषयी धोरण ठेवणे कायद्याने बंधनकारक झाले. अमेरिकेत २०१३ मध्ये शाळांना अ‍ॅड्रेनॅलिनचा साठा ठेवण्यास प्रोत्साहन देणारा कायदा झाला. ब्रिटनमधील शाळांना २०१७ पासून कोणत्याही एका मुलाच्या नावाने लिहून न दिलेली राखीव इंजेक्शने विकत घेऊन ठेवता येतात.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण जपानचे आहे, कारण तेथेही शाळेत सर्वांना शिजवलेले जेवण वाढले जाते. डिसेंबर २०१२ मध्ये तोक्योजवळील चोफू शहरातील प्राथमिक शाळेत पाचवीत शिकणारी एक मुलगी दुपारच्या जेवणानंतर मरण पावली. तिला दुधाची अ‍ॅलर्जी होती, हे शाळेला माहीत होते. तिचे पहिले वाढप चीज वगळून वेगळे केलेले होते. तिने पुन्हा मागितले, तेव्हा मात्र सर्वांसाठीचा, चीज घातलेला पदार्थ तिच्या ताटात आला. तिच्याजवळ स्वतः टोचता येणारे अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन होते. शिक्षकांनी ते वापरावे, यास जपान सरकारने आधीच मुभा दिलेली होती. तरीही ते वापरण्यापूर्वी मोलाची मिनिटे निघून गेली.

त्या शाळेत यादी होती, औषध होते, परवानगीही होती. कमी पडली ती दोन ठिकाणी: दुसऱ्या वाढपाच्या वेळी आणि निर्णयाच्या क्षणी. आपल्याकडे ‘आणखी वाढू का?’ असे आग्रहाने विचारण्याची रीत आहे. म्हणून पंगतीत वाढणाऱ्या प्रत्येकाला, अगदी पाळीवर वाढणाऱ्या विद्यार्थ्यालाही, ही यादी पाठ असली पाहिजे.

शाळेने काय करावे?

पहिले काम कागदाचे आहे. प्रवेशाच्या अर्जात केवळ ‘कोणताही आजार आहे का?’ असे विचारून भागत नाही. पालक ‘नाही’ लिहून मोकळे होतात. त्यांना समोर बसवून विचारावे: काही खाल्ल्यावर ओठ-डोळे सुजले होते का? माशी चावल्यावर चक्कर आली होती का? कोणत्या इंजेक्शनानंतर त्रास झाला होता? दमा आहे का? ज्या पालकांना लिहिता येत नाही, त्यांचे उत्तर शिक्षकाने लिहून घ्यावे. यातून निघणारी यादी बहुधा पाच-सात नावांचीच असते. ती डॉक्टरांना दाखवून खरी अ‍ॅलर्जी आणि नावड यांची निवड करून घ्यावी. विनाकारण मुलाचे दूध किंवा अंडे बंद करणे हेही त्याच्या वाढीचे नुकसान आहे.

दुसरे काम आरोग्य यंत्रणेशी नाते जोडण्याचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शासकीय व अनुदानित शाळांत तपासणीस येतात. त्यांच्या तपासणीत श्वसनमार्गाचा दमासदृश विकार समाविष्ट आहे. त्याच वेळी शाळेची यादी त्यांच्यापुढे ठेवावी. शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची योजना आहे. या दोघांनी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: पेटी शाळेत ठेवायची की उपकेंद्रात, इंजेक्शन कोण देणार, आणि रात्री कोणाला बोलवायचे. इंजेक्शन देणे हे प्रशिक्षणाचे आणि अधिकाराचे काम आहे. शिक्षकाने स्वतःच्या मनाने सुई हाती घेऊ नये. परंतु डॉक्टरांच्या लेखी सूचनेने व प्रशिक्षणाने ते काम कोणाकडे सोपवायचे, हे आधीच ठरवून घेण्यास काहीही आडकाठी नाही. ज्या निवासी शाळेत परिचारिका आहे, तेथे हा प्रश्न अधिक सहज सुटतो.

स्वतः टोचता येणारी तयार इंजेक्शने भारतात सहज मिळत नाहीत आणि ती महाग आहेत. अ‍ॅड्रेनॅलिनची साधी कुपी मात्र अत्यंत स्वस्त आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत नाकात फवारण्याच्या अ‍ॅड्रेनॅलिनला मान्यता मिळाली. पुढेमागे ते आपल्याकडे सुलभ झाले तर शाळांची अडचण पुष्कळ कमी होईल. तोवर कुपीच सांभाळायची आहे. उष्णता आणि उजेड यांनी हे औषध खराब होते. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, हे ध्यानात घेऊन पेटी पत्र्याखाली किंवा खिडकीत ठेवू नये. थंड, अंधाऱ्या, पण कुलूप नसलेल्या जागी ती असावी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मुदत पाहावी, आणि द्रव तपकिरी दिसल्यास कुपी बदलावी.

तिसरे काम सरावाचे. वर्षातून दोनदा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री, सराव करावा. एकाने मुलाजवळ थांबायचे, एकाने १०८ ला फोन करायचा, एकाने पेटी आणायची, एकाने फाटकाशी उभे राहून गाडीला वाट दाखवायची. फोनवर काय बोलायचे, ते वाक्य भिंतीवर मराठीत लिहिलेले असावे: शाळेचे नाव, गाव, जवळची खूण, मुलाचे वय आणि ‘तीव्र अ‍ॅलर्जी, श्वास घेता येत नाही’ हे शब्द. मुलांनाही हे शिकवावे. रात्री खोलीत पहिला साक्षीदार मूलच असते.

स्वयंपाकघरातही थोडी व्यवस्था लागते. बंद पाकिटांवर शेंगदाणा, दूध, अंडे, सोयाबीन, गहू, मासे इत्यादींचा उल्लेख करणे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. तो वाचण्याची सवय आचाऱ्यांना लावावी. सुटी चिक्की, सुटे फरसाण यांवर मात्र काहीच लिहिलेले नसते, आणि तीळ त्या नियमांच्या सक्तीच्या यादीत नाही. पोषण आहार मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकांनी चाखून पाहण्याचा नियम आहे. त्या नियमाने विषबाधा टळू शकते. अ‍ॅलर्जी टळत नाही. जे अन्न शंभर जणांना निर्धोक आहे, तेच एकाला घातक असते, आणि त्या एकाला वाचविण्यासाठी चवीपेक्षा माहितीची गरज असते.

ताट वेगळे न करता

येथे एका नाजूक गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. एखाद्या मुलाचे ताट वेगळे मांडणे, त्याला वेगळे बसविणे, त्याचे भांडे बाजूला ठेवणे, या कृतींना आपल्या समाजात फार कडू इतिहास आहे. आपल्या शाळांतील मुलांच्या आजा-पणज्यांनी तो सोसलेला आहे. अ‍ॅलर्जीच्या नावाने एखाद्या मुलाला कोपऱ्यात बसविले, तर कारण वैद्यकीय असले तरी त्याच्या मनावर उमटणारा ओरखडा जुनाच असेल. अशी मुले मग आपली अडचण लपवितात, मित्रांबरोबर बसण्यासाठी नको ते खातात. आणि संकट नेमके तेथूनच येते.

म्हणून मुलाला वेगळे काढण्यापेक्षा अन्न शिजविण्याची रीत बदलावी. भाजीत शेंगदाण्याचे कूट न घालता ते वाटीत ठेवून ज्याला हवे त्याला वरून द्यावे. असे केल्याने मुख्य भाजी सर्वांची राहते आणि कोणाचेही ताट वेगळे होत नाही. चटणीचा चमचा भाजीत घालू नये, एवढा नियम सर्व पंगतीला लावावा. हात व भांडी धुण्याचा नियम तर सर्वांसाठी आहेच. वर्गमित्रांना कारण समजावून सांगितले तर चिडविणे थांबते आणि तेच मित्र राखणदार होतात. ‘त्याला दाणे देऊ नका’ हे वाक्य आचाऱ्याच्या आधी दहा वर्षांचा मित्र म्हणू लागला, की शाळेची निम्मी तयारी झाली असे समजावे.

विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. प्रवेश, गणवेश, पुस्तके यांच्या धांदलीत त्या पहिल्या आठवड्यातील एक दुपार या कामासाठी राखून ठेवता येईल. पालकांशी बोलून यादी करावी, ती घेऊन आरोग्य केंद्रात जावे, पेटीची जागा ठरवावी, आचारी व अधीक्षकांना एकत्र बसवून सराव करावा. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. कित्येक वर्षे ती पेटी उघडण्याची वेळही येणार नाही. परंतु ज्या आईने दूरच्या गावाहून मूल आणून शाळेच्या स्वाधीन केले आणि निघताना ‘याला दाण्याचा त्रास होतो’ एवढेच सांगितले, तिचे ते वाक्य शाळेत कोणीतरी लिहून घेतले आहे, एवढा भरवसा तिला मिळाला पाहिजे.